मेडोजवरचे काळे चौकोन

एडिनबरात पारा वीस अंशांच्या वर गेला की अर्धं शहर मेडोजवर येऊन बसतं. मेडोज म्हणजे शहराच्या मध्यावरचं सपाट, मोकळं गवताळ मैदान. उत्तरेला विद्यापीठ, दक्षिणेला मार्चमाँटच्या उंच दगडी इमारती, पूर्वेला आर्थर्स सीटचा डोंगर आणि मधून झाडांच्या रांगांनी आखलेल्या पायवाटा. मे महिन्यात परीक्षा संपत आलेल्या असतात, चेरीचा बहर नुकताच गळून गेलेला असतो. अशा एखाद्या शनिवारी बारा वाजल्यापासून गल्ल्यागल्ल्यांतून माणसं यायला लागतात. कुणाच्या खांद्यावर चादर, कुणाच्या पाठीवर गिटार आणि बऱ्याच जणांच्या काखेत जाड कागदात गुंडाळलेला, वापरून फेकायचा बार्बेक्यूचा एक चपटा ट्रे. चार वाजेपर्यंत मैदानभर निळसर धूर तरंगत असतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे शेवटचा ट्रे पेटायला नऊही वाजतात.

२०२२च्या उन्हाळ्यात मी इथं बागकामाच्या पथकात हंगामी कामाला होते. माझं माहेर अलिबाग तालुक्यातलं, शिक्षण दापोलीच्या कृषी विद्यापीठातलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही स्कॉटलंडला आलो आणि मातीत हात घालायची सवय मला घरात बसू देईना. काम मिळालं ते गवत कापायचं, वाफे खुरपायचं, झाडांच्या बुंध्यांशी गवताच्या कडा नीट करायचं. पण उबदार शनिवार-रविवारनंतरच्या सोमवारी सकाळी यातलं काहीच होत नसे. त्या दिवशी आम्ही निखारे गोळा करायचो.

पत्र्याची बादली, लांब चिमटा, दंताळं आणि पाण्याचा डबा घेऊन आम्ही पश्चिमेच्या टोकापासून सुरुवात करायचो. विझल्यासारखा दिसणारा लोणारी कोळसा आतून कित्येक तास धगधगत राहतो. वरून राखेचा पांढरा थर, हात जवळ नेला तरच धग कळते. लोक जाताना ट्रे कचरापेटीत टाकतात आणि पेटीच पेट घेते. पेटीजवळ जागा नसली तर झाडाच्या बुंध्याशी उपडा करतात आणि वरवरची मुळं होरपळतात. कुणी काहीच न करता तसाच सोडून जातात. सकाळी तिथून कुत्री धावतात, मुलं अनवाणी खेळतात. मक्याची कणसं आणि मांसाची हाडं तर जागोजागी. कुत्र्यांच्या घशात ती अडकतात म्हणून सकाळी फिरायला येणारी मंडळी आमच्या आधीच वेचायला लागलेली असत. आणि हे सगळं उचलून झाल्यावर गवतावर उरायचे ते चौकोन. साधारण वीतभर रुंद, दीड वीत लांब, कडा अगदी सरळ. काही ठिकाणी एकेकटे, काही ठिकाणी चार-पाच जवळजवळ, म्हणजे तिथं मोठा गट बसला होता.

या चौकोनांविषयी मला सविस्तर सांगायचं आहे, कारण बहुतेकांना वाटतं गवत जळलं म्हणजे चार दिवसांनी पुन्हा येईल. कापतो तेव्हा येतंच की. तुडवलं तरी उभं राहतं. मेंढरांनी बुडापर्यंत खाल्लं तरी फुटतं. गवताची ही सगळी चिकाटी एका गोष्टीवर उभी आहे. त्याचा वाढीचा कोंब पात्याच्या टोकाला नसतो, तो जमिनीच्या पृष्ठभागाशी, पात्यांच्या बेचक्यात दडलेला असतो. यंत्राचं पातं, दात, टाच, कशाचाच घाव सहसा तिथं पोचत नाही. ट्रेची उष्णता मात्र नेमकी तिथंच पोचते.

ट्रे असतो पातळ ॲल्युमिनियमचा. आत चटकन पेटणारा कोळसा, वर तारेची जाळी. पाय नसतातच, किंवा असले तर बोटभर उंचीचे. दुकानातून आणा, काडी लावा, अर्ध्या तासात निखारे तयार. हे निखारे वर मांस भाजतात तसेच खाली जमीनही भाजतात, कारण त्यांच्या आणि मातीच्या मध्ये फक्त पत्र्याचा तो पापुद्रा असतो. वनस्पतीच्या पेशी साठ अंश सेल्सियसच्या आसपास मरतात. ट्रेखाली त्याहून कितीतरी जास्त तापमान तास-दोन तास टिकतं. गवत आधी शिजतं आणि मग जळतं. ट्रे उचलला की लगेच जळलेलं काही दिसत नाही. ओलं, गडद हिरवं, चिकटून बसलेलं गवत दिसतं आणि उकडलेल्या पाल्याचा वास येतो. लोकांना वाटतं, बरं आहे, काही झालं नाही, आणि ते प्रामाणिकपणे निघून जातात. दोन दिवसांनी तो भाग पिवळा पडतो, मग तपकिरी. ट्रे जास्त वेळ राहिला असेल तर थेट काळा.

स्कॉटलंडच्या मैदानांवर पेरलेलं गवत मुख्यतः रायगवत. पायाखाली टिकणारं, लवकर उगवणारं, दाट. पण ते झुपक्यानं वाढतं. मेलेल्या जागेवर शेजारचं रायगवत आडवं सरकून येत नाही. म्हणून त्या चौकोनात पहिल्यांदा येतं ते प्लँटेन नावाचं रुंद पानांचं तण, मग डँडेलियन, क्लोव्हर, वार्षिक मेडोगवत. जून महिन्यात जळलेला चौकोन काहीच केलं नाही तर पुढच्या वसंतातही ओळखू येतो, फक्त तेव्हा तो काळ्याऐवजी वेगळ्या हिरव्या रंगाचा असतो.

मी आगीच्या विरोधात नाही. विरोधात असणं मला शक्यच नाही. आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, मीठ, ओवा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा पाला ठासायचा. मडकं शेतात उपडं ठेवून भोवती पेंढा, गवत, काटक्या रचून पेटवायचं. मडक्यावर पाण्याचा शिपका मारला आणि चर्र करून पाणी उडालं की पोपटी झाली. अख्खी आळी भोवती बसलेली असते. आणि नुसती पोपटीच कशाला, कोकणात तर जमीन मुद्दाम भाजतात. भाताची रोपं तयार करायच्या जागेवर पाला, शेण, गवत पसरून पावसाआधी राब भाजायचा, म्हणजे तणाचं बी मरतं. ट्रेखाली जे नको असताना घडतं, तेच राबात हवं म्हणून घडवतात. पोपटी लागते ती भात कापून झालेल्या, मोकळ्या शेतात. राब भाजतात तो ठरलेल्या तुकड्यावर, ठरलेल्या वेळी. आग कुठं लावायची याची जागा गावात सगळ्यांना माहीत असते. मेडोजवर रणरणत्या शनिवारी हजारो माणसं येतात आणि आगीची जागा मात्र जो तो आपापली ठरवतो.

खरं तर एडिनबराच्या उद्यानांत बार्बेक्यूला सरसकट मनाई नव्हती. जमीन जळू नये, दुसऱ्याला धोका किंवा त्रास होऊ नये, कचरा आवरावा, अशा अटी होत्या. मेडोजवर ट्रे ठेवण्यासाठी काही ठिकाणी लाद्याही बसवलेल्या होत्या. पण ऊन पडलेल्या दिवशी त्या पहिल्या तासाभरातच भरायच्या, आणि ज्यांना मिळाल्या नाहीत ते गवतावर बसायचे.

मेडोजची जमीन कशी झाली हेही इथं सांगायला हवं. ही जागा एके काळी तळं होती, बर्ग लॉक नावाचं. १७२२ पासून थॉमस होप यांनी ते उपसून कोरडं करायला घेतलं. १८२७च्या कायद्यानं इथं बांधकामाला मनाई झाली. १८८६ मध्ये मैदानावर मोठं आंतरराष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन भरलं, भव्य मंडप उभा राहिला, तो त्या कायद्यामुळे नंतर पाडावा लागला. दुसऱ्या महायुद्धात लोकांनी इथं भाजीपाला पिकवला. मी जिथं जिथं खणलं तिथं खाली तळ्याची जड माती लागली. हिवाळ्यात पाणी साचून राहतं, उन्हाळ्यात तुडवली की दगड होते. अशा मातीत एकदा मेलेलं गवत पुन्हा उभं करणं सोपं नाही.

एडिनबरातल्या मोकळ्या जागांचा विचार करताना मला नगररचनाकार पॅट्रिक गेडिस आठवल्याशिवाय राहत नाहीत. जुन्या शहराच्या दाटीवाटीत, दोन इमारतींच्या मधल्या उकिरड्यांच्या जागी त्यांनी छोट्या बागा फुलवल्या. तेच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. ज्याला अंगण नाही त्याला शहरानं अंगण द्यावं, हा विचार या माणसानं दोन्ही शहरांत मांडला. मुंबईत मी राहिले तेव्हा बागेत ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी सगळीकडे बघितली. इथं गवतावर लोक झोपतात, जेवतात, अभ्यास करतात, लग्नाची मागणी घालतात. सार्वजनिक गवत असंच वापरलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच त्या काळ्या चौकोनांचा मला राग येतो, कारण गवत बंद करा म्हणणाऱ्यांच्या हाती ते आयता पुरावा देतात.

जूनच्या शेवटी जवळच्या एका चर्चच्या सभागृहात रहिवाशांची बैठक झाली. मी कामगार म्हणून नाही, मार्चमाँटची रहिवासी म्हणून गेले. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, मागे सामाईक परसात कपडे वाळत घालायची दोरी, एवढंच. पहिली बोलली ती वरच्या मजल्यावर एकटी राहणारी एक वयस्क बाई. तिला दमा. “उन्हाळ्यात खिडकी उघडायचे महिने इथं दोनच,” ती म्हणाली, “आणि नेमकं त्याच दिवसांत संध्याकाळी खिडकी लावून बसावं लागतं.” सभागृहात कुणी काही बोललं नाही. तिचं म्हणणं खोडण्यासारखं नव्हतंच.

मग एक गृहस्थ उठले. सरळ बंदी घाला, दंड करा, पोलीस ठेवा. त्यांना टाळ्या पडल्या. त्यांच्या घराला मागे स्वतःची बाग आहे, गॅसची शेगडी असलेली, हे त्यांनी स्वतःच बोलण्याच्या ओघात सांगितलं. त्यांच्यानंतर एक तरुण बाप उभा राहिला. एका खोलीच्या घरात बायको आणि दोन लहान मुलं. तो म्हणाला, “मोकळ्या हवेत सॉसेज भाजायला मला दुसरी जागा दाखवा, मी तिथं जातो.” मला वाटतं, त्या संध्याकाळचं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य ते होतं. ज्याच्या मागच्या दारी बाग आहे त्याला बंदीचा काही फरक पडत नाही. बंदीचा भार सगळा पडतो तो भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांवर, विद्यार्थ्यांवर, दुसऱ्या देशांतून आलेल्यांवर. बर्लिनमध्ये टियरगार्टनच्या हिरवळीवर बार्बेक्यूला २०१२ पासून बंदी झाली, ती ज्यांच्यावर आली त्यांत शहरातली तुर्की कुटुंबं मोठ्या संख्येनं होती. पण त्याच बर्लिननं टेंपलहोफच्या जुन्या विमानतळाचं मैदान लोकांना खुलं केलं आणि तिथं बार्बेक्यूसाठी वेगळे पट्टे आखून दिले. हा दुसरा मार्ग मला पटतो.

मी बोलायला उठले तेव्हा गवताबद्दल बोलले. कोंब कुठं असतो, ट्रे उचलल्यावर गवत हिरवंच का दिसतं, मग दोन दिवसांनी काय होतं. माझ्या लक्षात आलं की कुणालाच हे माहीत नव्हतं, बंदी मागणाऱ्यांनाही आणि बंदी नको म्हणणाऱ्यांनाही. नुकसान करणाऱ्याला स्वतःचं नुकसान दिसत नाही, असा हा अजब प्रकार आहे. पाटीवर ‘जमीन जाळू नका’ लिहिलेलं वाचून माणूस मान डोलावतो, ट्रे गवतावर ठेवतो, उचलताना खाली हिरवंच बघतो आणि समाधानानं घरी जातो.

जुलैत उष्णतेची लाट आली. १९ जुलैला इंग्लंडमध्ये कॉनिंग्सबीला ४०.३ अंशांची नोंद झाली, ब्रिटनमध्ये कधीच एवढं तापमान मोजलं गेलं नव्हतं. एडिनबरा त्या मानानं सुसह्य होतं, पण मैदान वाळलं. सुकलेल्या गवतावर एका ट्रेची ठिणगी काय करू शकते हे डॉर्सेटच्या वेअरहॅम जंगलानं २०२० मध्ये दाखवलं होतं. तिथं सुमारे दोनशे हेक्टर राखेत गेलं आणि जागेवर वापरून फेकलेले ट्रे सापडले. त्याच २०२२ मध्ये ऑल्डी आणि वेटरोज या दुकानांनी हे ट्रे विकणंच बंद केलं. माझ्या दृष्टीनं त्या वर्षातली सगळ्यांत उपयोगाची गोष्ट हीच. ट्रे दोन-चार पौंडांना मिळतो, काही तासांत संपतो, ॲल्युमिनियमचा पत्रा, तार आणि राख मागे ठेवून जातो आणि गवतावर ठेवला तर जमीन जाळल्याशिवाय वापरताच येत नाही. असली वस्तू हजारोंनी विकायची आणि मग विकत घेणाऱ्याला दोष द्यायचा, हे मला मान्य नाही.

त्या लाटेच्या आसपासच्या एका शनिवारी मी कचरापेट्यांच्या फेरीवर होते. जॉबोन वॉक या पायवाटेजवळ कानावर मराठी पडली. “अरे, वांगं फिरव, एका बाजूनं नुसतं करपतंय!” सहा-सात मुलंमुली, मधोमध गवतावर ट्रे, त्यावर भरताची वांगी, कांदे, कणसं आणि पनीर. मी जवळ जाऊन म्हटलं, “वांगं मागाहून फिरवा, आधी ट्रे उचला.”

सगळे वर बघायला लागले. हिरव्या गणवेशातल्या बाईच्या तोंडून मराठी येईल असं त्यांच्या मनातही आलं नसावं. “काकू, तुम्ही मराठी?” एका मुलीनं विचारलं. मी अलिबागची म्हटल्यावर जागा करून दिली, पाणी पुढं केलं. मग एक सांगलीचा मुलगा जरा बचावाच्या सुरात म्हणाला, “काकू, आम्ही बघूनच बसलोय. बंदी आहे असं कुठंच लिहिलेलं नाही.”

“बंदी नाहीच. पण जमीन जाळायची नाही, हे लिहिलंय की.”

“पण गवतच आहे ना? आमच्याकडं बांधावरचं गवत पेटवतात. पाऊस पडला की दुप्पट जोमानं येतं.”

त्याचं निरीक्षण बरोबर होतं आणि मला आनंदच झाला, कारण अशा प्रश्नावर बोलता येतं. मी हातमोजे घालून ट्रे उचलला आणि खालची जागा दाखवली. त्याला सांगितलं, बांधावरची आग वाळल्या गवतावरून पळत जाते, एका जागी काही क्षणच थांबते. वरचं जळतं, जमिनीत ऊब शिरायच्या आत आग पुढं गेलेली असते. शिवाय आपल्याकडची हरळी मातीच्या आतून आणि मातीवरून अशा दोन्ही बाजूंनी धावते. गणपतीला आपण ज्या दूर्वा खुडतो त्या तिच्याच. वरून सगळी जाळली तरी आतली कांडी जिवंत राहतात, पेराला कोंब असतो, पहिल्या पावसात फुटतात. इथलं गवत तसं नाही आणि ही आग पळत नाही, दोन तास एका जागी बसते. मुलांनी वाकून हात लावून बघितलं. ओल्या, गरम, मऊ पडलेल्या गवताला बोट लावल्यावर त्या मुलीनं हात मागं घेतला आणि म्हणाली, “शिजलंय हो.”

जवळच्या लादीवर एक स्थानिक कुटुंब आवराआवर करत होतं. त्यांना विचारल्यावर त्यांनी लगेच जागा करून दिली. मुलांनी ट्रे तिकडं नेला, उरलेली वांगी भाजली, साल काढून तिथल्या तिथं कांदा, मिरची, कोथिंबीर घालून भरीत कालवलं, आणि लादी सोडणाऱ्या त्या कुटुंबालाही कागदी ताटलीत वाढलं. मीही उभ्यानं दोन घास खाल्ले. सांगलीचा मुलगा जाताना निखारे पाण्यात बुडवून, राख निथळून, पूर्ण गार झाल्यावरच पेटीत टाकून गेला. त्याला ते कुणी सांगायला लागलं नाही. शेतकऱ्याच्या घरातला होता.

ऑगस्टमध्ये फ्रिंज हा कलामहोत्सव आला, गर्दी आणखी वाढली. त्यात १८ तारखेपासून शहरातले सफाई कामगार पगारवाढीसाठी संपावर गेले. त्यांची मागणी रास्त होती असं माझं मत. पेट्या तुडुंब भरल्या, त्यांच्या भोवती ढीग लागले, आणि त्या ढिगांत कुणी कोमट निखारे टाकले तर काय, या धास्तीनं आम्ही संध्याकाळी बादल्या घेऊन फिरायचो. याच काळात मैदानाच्या एका भागावर महोत्सवाचे तंबू उभे असतात. सप्टेंबरमध्ये ते निघतात तेव्हा खालचं गवत पिवळं पडून दबलेलं असतं आणि क्षेत्रफळानं ते नुकसान सगळ्या चौकोनांहून मोठं असतं. फरक एवढाच की तंबूवाल्याला जागेचं भाडं आणि दुरुस्तीचा खर्च ठरवून द्यावा लागतो. ज्या विद्यार्थ्याला आपण वीतभर जागेसाठी बोल लावतो त्याच्या तुलनेत हेही बघायला हवं. बैठकीत हा मुद्दा मी मांडला तेव्हा काहींना तो आवडला नाही.

दुरुस्तीचा मोसम सप्टेंबर. माती अजून उबदार असते, पाऊस सुरू झालेला असतो, माणसं पांगलेली असतात. जळका चौकोन आधी काट्याच्या फावड्यानं उकरायचा. मेलेलं गवत मुळांसकट काढायचं, कोळशाचे तुकडे आणि राख वेचून घमेल्यात टाकायची, कारण कोळशाची राख अल्कधर्मी असते आणि साचली तर कोवळ्या रोपाला बाधते. मग वीतभर खोल माती मोकळी करायची. वरून चाळलेली माती आणि थोडी वाळू, दंताळ्यानं सारखी. त्यावर बी, एका चौरस मीटरला पस्तीस ते पन्नास ग्रॅमच्या हिशेबानं, म्हणजे एका चौकोनाला जेमतेम चमचाभर. हातानं माती चोळून बी आत बसवायचं, पायानं हलकेच दाबायचं, पाणी शिंपायचं. रायगवत सात ते दहा दिवसांत वर येतं, फेस्क्यू दोन-तीन आठवडे घेतं. कोवळ्या पात्यांवर कुणी बसू नये म्हणून दोरी बांधायची. एका चौकोनाला फार वेळ लागत नाही. पण मैदानभर असे चौकोन पसरलेले असतात आणि बागकामाची माणसं मोजकी. ती इकडं लागली की तिकडं झाडांना पाणी घालायचं राहतं.

आमच्या मुकादमानं या कामात मला एक गोष्ट शिकवली. लाद्यांच्या लगतचे चौकोन तो आधी घेत नसे. म्हणायचा, तिथं पुढच्या वर्षी पुन्हा कुणी बसणारच, लादी अपुरी आहे हे तिथलं गवत आपल्याला सांगतंय. तिथं पेरण्यापेक्षा तिथं आणखी एक लादी टाका. त्याचं म्हणणं ऐकल्यावर मी चौकोनांच्या जागा कागदावर टिपायला लागले. सगळ्यांत जास्त कुठं, तर झाडाच्या सावलीच्या कडेला, पेटीपासून फार लांब नाही आणि पायवाटेपासून हाकेच्या अंतरावर. माणसाला बसायला जसं आवडतं तशाच त्या जागा होत्या.

ते टिपण घेऊन मी दम्याच्या त्या बाईकडे गेले. तिनं चहा केला, नकाशा टेबलावर पसरला आणि चष्मा लावून माझ्याहून बारकाईनं बघितला. इथला वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो, उन्हाच्या दिवसांत मात्र कधी कधी समुद्रावरून, पूर्वेकडून वाहतो, हे तिला त्या खिडकीत बसून आयुष्यभर माहीत झालेलं. कुठल्या कोपऱ्यातला धूर कुठल्या वाऱ्याला कुणाच्या घरात शिरतो ते तिनं पेन्सिलीनं बाणांनी दाखवलं. मी झाडांच्या मुळांचा पसारा आखला, म्हणजे छत्रीखाली आगीची जागा नको. नळ कुठं आहेत ते तिनंच दाखवलं, तिथून पाणी आणता आलं पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या बागांत विजेच्या सार्वजनिक शेगड्या असतात, बटण दाबलं की तापणाऱ्या, फुकट, धूर जवळजवळ नाहीच. तिची बहीण तिकडं राहते, त्यामुळे तिनं त्या स्वतः वापरल्या होत्या. ती म्हणाली, तसल्या मिळाल्या तर मी खिडकीही उघडीन आणि खाली येऊन बसेन सुद्धा.

आम्ही दोघींनी मिळून पत्र लिहिलं. बंदी मागितली नाही. वाऱ्याच्या बाजू बघून ठरवलेल्या जागांवर कमरेएवढ्या उंचीचे पक्के ओटे, शक्य तिथं विजेच्या शेगड्या, प्रत्येक ओट्याजवळ निखाऱ्यांसाठी झाकणाची धातूची पेटी आणि पाण्याचा नळ. पाटीवर ‘जमीन जाळू नका’ऐवजी ट्रेखालच्या गवताचं पहिल्या दिवसाचं आणि तिसऱ्या दिवसाचं चित्र. आणि मैदानाभोवतीच्या दुकानांना वापरून फेकायचे ट्रे विकू नका अशी विनंती. तिनं एका वाक्यावर आग्रह धरला, ते मीही तसंच ठेवलं: या जागा इतक्या पुरेशा असाव्यात की जून महिन्यातल्या शनिवारी उशिरा आलेल्यालाही रांगेत उभं राहून जागा मिळेल. खाली आम्ही दोघींनी सह्या केल्या. नंतर तिनं तो नकाशा तिच्या जिन्यातल्या प्रत्येक मजल्यावर नेऊन बंदी मागणाऱ्यांच्याही सह्या गोळा केल्या.